ऑपरेशनच्या आधी व्हीआर हेडसेट: रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

ऑपरेशनची तारीख ठरली की माहितीपत्रक, संमतीपत्र आणि तपासण्यांची यादी हातात पडते. काही रुग्णालयांत आता त्याच्या जोडीला व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी जग दाखवणारा) हेडसेटही येऊ लागला आहे. तो डोळ्यांवर चढवण्याआधी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. शेवटचे प्रश्न असा उपक्रम सुरू करू पाहणाऱ्या डॉक्टर-नर्सचे आहेत. रुग्णांनी तेही वाचायला हरकत नाही, काय मागायचं ते कळेल.

हेडसेटमध्ये नेमकं काय दिसतं?

बहुतेक वेळा तुमचाच ऑपरेशनच्या दिवसाचा प्रवास. तुम्ही ट्रॉलीवर उताणे झोपलेले असता, छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून मागे जातात, दार उघडतं आणि वर तो मोठा गोल दिवा दिसतो. टोपी-मास्क घातलेलं कुणीतरी वाकून तुमचं नाव विचारतं, ऑपरेशन कुठल्या बाजूचं आहे ते तुमच्याच तोंडून वदवून घेतं. मान डावीकडे वळवली तर भूलतज्ज्ञ आणि त्यांचं मशीन, उजवीकडे दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळणारी नर्स. बोटाला चिमटा लागतो आणि मॉनिटरचा टीं-टीं आवाज सुरू होतो. मग तोंडावर मास्क, "मोठा श्वास घ्या" असे शब्द, आणि चित्र हळूहळू काळं होतं. पुढचं दृश्य थेट रिकव्हरी रूममधलं: घसा कोरडा, हाताला सलाईन, बाजूला नर्स.

हा झाला एक प्रकार. दुसऱ्यात अवयवाच्या आत नेतात, म्हणजे झिजलेला गुडघा किंवा अरुंद झालेली हृदयाची रक्तवाहिनी आतून कशी दिसते आणि तिथे काय करणार आहेत ते. तिसऱ्यात तुमच्याच सीटी किंवा एमआरआयवरून केलेलं त्रिमितीय मॉडेल असतं. चौथा प्रकार सरावाचा, आणि त्याच्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात: श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम, खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरणं, सरळ न उठता आधी कुशीवर वळून मग हाताच्या आधाराने बसणं. माझ्या मते पहिल्या चार दिवसांत उपयोगी पडतो तो हाच.

व्हीआर, एआर आणि ३६० अंशांचा व्हिडिओ यांत फरक काय?

व्हीआरमध्ये आजूबाजूचं खरं जग पूर्ण झाकलं जातं. एआरमध्ये (ऑगमेंटेड रिॲलिटी) खरी खोली दिसत राहते आणि तिच्यात, समजा टेबलावर, मणक्याचं मॉडेल तरंगताना दिसतं. ३६० अंशांचा व्हिडिओ म्हणजे सगळ्या दिशांनी केलेलं खरं चित्रण. मान वळवून चहूकडे बघता येतं, पण जागेवरून उठून दोन पावलं पुढे जाता येत नाही. रुग्णालयांत जे "व्हीआर" म्हणून दाखवतात, ते पुष्कळदा हा व्हिडिओच असतो. त्यात कमीपणा काही नाही.

प्रत्यक्ष कापाकापी आणि रक्त दिसतं का?

नाही. रुग्णांसाठी नीट केलेल्या व्हिडिओत तुम्ही शुद्धीत असताना जे दिसणार, तेवढंच असतं. सर्जन शिकण्यासाठी जे बघतात ते वेगळं. कुणी चुकून तसलं काही लावलं तर हेडसेट काढून ठेवा आणि स्पष्ट सांगा.

डॉक्टर सगळं सांगतातच की. मग हे कशाला?

सांगतात, पण लक्षात किती राहतं? मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांनी २००३ मध्ये या विषयाचा आढावा घेतला. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात, आणि जे आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं आठवतं, असं त्यात म्हटलं आहे. "ऑपरेशन करावं लागेल" हे वाक्य कानावर पडल्यानंतरची पाच मिनिटं बहुतेकांच्या डोक्यातून पुसलीच जातात.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. डॉक्टर काय करणार ते सांगतात. रुग्णाला काय जाणवणार हे सांगायचं राहून जातं. जीन जॉन्सन या परिचारिका-संशोधकांनी १९७० च्या दशकात हाच फरक पुढे आणला. "आम्ही सलाईन लावू" या वाक्यापेक्षा "सुई टोचेल, मग औषध आत जाताना हातात गारवा किंवा जळजळ जाणवेल, ती काही सेकंदांत थांबेल" हे वाक्य माणसाला जास्त तयार करतं. जळजळ झाली तर काहीतरी बिघडलं असं मग त्याला वाटत नाही. दृश्य, आवाज, कोण कुठे उभं असेल, कशानंतर काय होईल, हे शब्दांत पकडणं कठीण असतं, आणि हेडसेट नेमका तिथे कामाला येतो.

तरी एक जुना अभ्यास विसरू नये. १९६४ मध्ये भूलतज्ज्ञ एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांवर एक चाचणी केली. काही रुग्णांना भूलतज्ज्ञांनी आधीच बसून सांगितलं: नंतर दुखेल, कुठे दुखेल, का दुखेल, स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं. बाकीच्यांना दुखण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्यांना गुंगीची वेदनाशामकं जवळपास निम्मीच लागली, आणि कुणाशी बोलणं झालंय हे ठाऊक नसलेल्या सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. तिथे ना पडदा होता ना हेडसेट. म्हणून व्हीआरबद्दलचा कुठलाही दावा ऐकताना एक विचारून घ्यावं: याच्यासोबत कुणी बोलणार आहे, की हे बोलण्याऐवजी आहे?

भीती खरंच कमी होते? पुरावा काय?

बऱ्याच अभ्यासांत होते, सगळ्यांत नाही.

मेंदू आणि मणक्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या १२७ रुग्णांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी व्हीआर अनुभव घेतलेल्यांचा ताण कमी होता, आपली तयारी झाली आहे असं त्यांना जास्त वाटत होतं आणि समाधानही जास्त होतं. त्याच वर्षी दक्षिण कोरियातून ४ ते १० वर्षांच्या ६९ मुलांचा अभ्यास आला. मुलांच्या ओळखीचं एक कार्टून पेंग्विन त्यांना चार मिनिटांत ऑपरेशन थिएटर हिंडवून आणत होतं. ज्यांनी ते पाहिलं, ती मुलं कमी घाबरली आणि भूल देताना त्यांनी जास्त सहकार्य केलं. पण अशीच सफर दाखवून पुढे झालेल्या चाचणीत, भुलीतून बाहेर येताना मुलं जी बेभान होऊन रडतात, हातपाय झाडतात, ते मात्र कमी झालं नाही.

आता दुसरी बाजू. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ४ ते १२ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हीआर पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या मुलांच्या भीतीत फरकच सापडला नाही. पालकांच्या भीतीतही नाही. फक्त टॉन्सिल-ॲडिनॉइडचं, म्हणजे जास्त दुखणारं ऑपरेशन झालेल्या मुलांत व्हीआर पाहिलेल्यांना वरून जादा वेदनाशामक देण्याची वेळ कमी आली.

निकाल असे उलटसुलट का? एक कारण तुलनेत आहे. जिथे एरवीच नर्स वेळ देऊन बोलते, मुलांना खेळातून समजावलं जातं, तिथे हेडसेट आणखी काय भर घालणार? जिथे रुग्णाच्या वाट्याला घाईची दोन मिनिटं येतात, तिथे कशानेही फरक दिसेल. दुसरं कारण, आपण हेडसेट लावलाय की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही; नव्या वस्तूचं कौतुक आणि मिळालेलं लक्ष हेही आकड्यांत मिसळतं. त्यामुळे "रुग्ण समाधानी आहेत" एवढ्या एकाच वाक्यावर विकला जाणारा प्रकल्प मी तरी संशयानेच बघेन.

बघून भीती उलट वाढली तर?

वाढू शकते. काही माणसांना बारीकसारीक सगळं कळलं की बरं वाटतं. काहींना "तुम्ही करा, मला सांगू नका" असं असतं, आणि तीही संकटाला तोंड द्यायची एक पद्धतच आहे. मानसशास्त्रज्ञ सुझान मिलर यांनी १९८० च्या दशकात या दोन स्वभावांचा अभ्यास केला. दुसऱ्या स्वभावाच्या माणसावर माहितीचा मारा केला की त्याचा ताण चढतो.

म्हणून हेडसेट देण्याआधी साधं विचारायला हवं: "तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल?" उत्तर "फारसं नाही" असेल तर उपवास, औषधं आणि ऑपरेशननंतरची काळजी एवढंच तोंडी सांगून थांबावं. बघता बघता छातीत धडधडायला लागलं, तळहाताला घाम आला, तर शेवटपर्यंत बघायचं बंधन नाही.

मी नकोच म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील?

होऊ नयेत. हेडसेट नाकारणं म्हणजे उपचार नाकारणं नव्हे, आणि त्यावरून ऑपरेशन पुढेही ढकललं जात नाही. तीच माहिती कागदावर, चित्रांतून किंवा तोंडी मागा.

कुठल्या ऑपरेशनला याचा जास्त उपयोग होतो?

जिथे तुम्ही जागे राहणार आहात, तिथे. पूर्ण भूल असेल तर तुमचा प्रवास मास्कपाशी संपतो. कमरेतून भूल देऊन सिझेरियन किंवा गुडघेबदल होणार असेल, किंवा डोळ्यात थेंब टाकून मोतीबिंदू काढणार असतील, तर तुम्ही सगळं ऐकता.

कमरेतून भूल घेताना पाठ बाहेर काढून, हनुवटी छातीला लावून बसायला सांगतात. सुई गेल्यावर पाय गरम होतात, मग जड होतात, मग आपले वाटेनासे होतात. दुखत नाही, पण ओढल्याचं, दाबल्याचं जाणवत राहतं. हे आधी माहीत नसलेला माणूस "मला कळतंय, भूल चढली नाही" म्हणून घाबरतो. पडद्यापलीकडून मॉनिटर एकदम केकाटतो. पुष्कळदा कारण एवढंच असतं की बीपीचा पट्टा फुगला, त्या हाताचा रक्तप्रवाह क्षणभर अडला आणि त्याच हाताच्या बोटावरच्या चिमट्याला नाडी सापडेना. किंवा चिमटाच निसटला. हे दृश्य एकदा आवाजासह बघितलेल्या माणसाला टेबलावर झोपल्यावर त्या आवाजाचा अर्थ लागतो.

मोतीबिंदूचंही तसंच. चेहऱ्यावर कापड येतं, त्याखाली थोडं कोंडल्यासारखं वाटतं, समोर प्रखर उजेड, डोळ्यावर पाणी सोडल्याचा गारवा, आणि या सगळ्यात डोकं न हलवता पडून राहायचं असतं. याचा सराव आधी झाला तर रुग्ण आणि सर्जन दोघांचंही काम हलकं होतं.

छोटी गाठ काढण्यासारख्या दहा मिनिटांच्या कामासाठी एवढा घाट घालायची गरज नाही.

कधी बघावं? ऑपरेशनच्या दिवशी चालेल?

मोठ्यांनी चार-पाच दिवस आधी, भूलपूर्व तपासणीला याल तेव्हा. बघितल्यावर प्रश्न सुचतात, ते विचारायला माणूस आणि वेळ दोन्ही हवेत. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी पोटी, कपडे बदलून, ट्रॉलीवर बसून बघितलेल्या व्हिडिओतून फारसं शिकणं होत नाही. त्या वेळी मन रमवणारं काही हवं असेल तर शांत निसर्गदृश्यं बरी. लहान मुलांचं गणित वेगळं: फार आधी सांगितलं तर ती दिवस मोजत बसतात, म्हणून आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी चालतं.

झोपेचं किंवा गुंगीचं औषध दिल्यानंतर मात्र काहीही समजावू नये आणि कशावरही सही घेऊ नये.

चक्कर येते, मळमळतं असं ऐकलंय. खरं का?

काहींना होतं. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, आतला कान सांगतो आपण बसलेलो आहोत. घाटात गाडी लागते त्याच्या उलट प्रकार. ट्रॉली चालतानाचं दृश्य याबाबतीत सगळ्यात त्रासदायक, म्हणून ते काही सेकंदांत आटोपलेलं असावं.

खुर्चीवर बसून बघा, उभ्याने नको. मान सावकाश वळवा. कसंतरी व्हायला लागलं तर डोळे मिटा आणि हेडसेट काढा. "अजून थोडंच राहिलंय" म्हणून रेटू नका. पाच ते दहा मिनिटांच्या पुढे कार्यक्रम नसावा. लगेच गाडी चालवायला बसू नका.

कोणी हेडसेट लावू नये?

ज्यांना फिट येतात किंवा पूर्वी आलेल्या आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. लखलखत्या चित्रांनी फिट येण्याचा धोका लहान मुलांत आणि वीस वर्षांखालच्यांत जास्त असतो. चक्कर किंवा आतल्या कानाचा आजार चालू असेल, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, चेहऱ्यावर जखम किंवा डोळे आलेले असतील, तर टाळावं.

दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. पहिली, मान. हेडसेटचं वजन साधारण अर्धा किलो असतं आणि ते सगळं पुढच्या बाजूला येतं. मानेच्या मणक्याचा आजार असलेल्याने, विशेषतः कॉलर लावलेल्याने, तो चढवू नये. फार तर टॅबलेटवर बघावं. दुसरी, शरीरात बसवलेली यंत्रं. हेडसेट आणि त्याच्या हातातल्या कंट्रोलरमध्ये लोहचुंबक असू शकतात. पेसमेकर, कानात ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र, किंवा मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारा, बाहेरून चुंबकाने सेट होणारा शंट असेल तर ते आधी सांगा. मेंदूच्या ऑपरेशनच्या रुग्णांना व्हीआर आवडीने दाखवतात आणि असे शंट असतातही त्यांच्यातच, म्हणून हे ठासून लिहितोय.

बंद जागेची भीती, पूर्वीच्या एखाद्या आघाताच्या आठवणी, भास होण्याचा आजार असेल तर आधी बोलून मग ठरवावं.

चष्मा असेल तर? कानाचं मशीन?

चष्मा बहुतेक हेडसेटमध्ये मावतो. फ्रेम रुंद असेल तर चष्म्यासाठीची पट्टी लावून घ्या, नाहीतर काचांना ओरखडे पडतात. चित्र धूसर दिसलं तर डोळे खराब झाले असं समजू नका. भिंगांमधलं अंतर तुमच्या डोळ्यांच्या अंतराशी जुळवावं लागतं. मोठ्या माणसात ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण माणसागणिक बदलतं. कानामागचं मशीन सहसा काढावं लागत नाही. शिट्टी वाजली तर आवाज बाहेरच्या स्पीकरवर घ्यायला सांगा.

माझं मूल पाच वर्षांचं आहे. त्याला दाखवू का?

घरच्या वापरासाठी कंपन्या इतक्या लहान वयाला परवानगी देत नाहीत. हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यांसाठी किमान वय १३ वरून १० वर आणलं, त्याखाली नाही. रुग्णालयातल्या चाचण्यांत मात्र चार वर्षांपासूनच्या मुलांनी काही मिनिटांपुरता, माणूस शेजारी असताना वापर केला आहे. रुग्णालयात, थोडा वेळ, जाणकाराच्या समोर असेल तर हरकत नाही. घरी हेडसेट घेऊन सराव करत बसू नका.

मूल काय बघतंय ते तुम्हालाही पडद्यावर दिसायला हवं, तसं सांगा. नाहीतर मूल हेडसेटमध्ये आणि आई बाहेर नखं खात, असं होतं. मुलं मोठ्यांच्या चेहऱ्यावरूनच भीती उचलतात, त्यामुळे कधी कधी हा व्हिडिओ मुलापेक्षा आईबाबांनाच जास्त गरजेचा असतो. आणि "काहीच दुखणार नाही" असं खोटं सांगू नका. एकदा दुखलं की पुढचा प्रत्येक शब्द मुलाला खोटा वाटतो.

आजोबांचं वय ८० च्या पुढे आहे. त्यांना झेपेल?

वयापेक्षा नजर, ऐकणं आणि स्मरणशक्ती बघा. खणखणीत असलेले आजोबा मजेत बघतात. विसरभोळेपणाचा आजार असेल, किंवा पूर्वी ऑपरेशननंतर भ्रम झाला असेल, तर नव्या जगात नेऊन गोंधळ वाढवण्यापेक्षा खरी खोली, खरी नर्स आणि घरचं ओळखीचं माणूस बरं.

माझ्याच स्कॅनवरून केलेलं मॉडेल म्हणजे माझं शरीर अगदी तसंच आहे का?

बरंचसं, पण तंतोतंत नाही. स्कॅन म्हणजे पातळ कापांची चळत. प्रत्येक कापात हाड कुठलं, रक्तवाहिनी कुठली, गाठ कुठली हे सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञ मिळून आखतात आणि त्यावरून आकार उभा राहतो. रंग वरून दिलेले असतात. गाठ लालभडक दिसली म्हणून ती जास्त वाईट ठरत नाही. बारीक नसा स्कॅनमध्ये उमटतच नाहीत, त्यामुळे मॉडेलमध्ये त्या दिसल्या तर अंदाजाने काढलेल्या असू शकतात. शिवाय स्कॅन त्या दिवसाचा असतो, आणि कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतो.

सगळ्यात फसवी गोष्ट आकाराची. हेडसेटमध्ये एक सेंटिमीटरची गाठ भिंतीएवढी दिसू शकते. बघून झाल्यावर "आता खऱ्या मापात दाखवा" असं अवश्य म्हणा.

हेडसेट बघितला म्हणजे मी संमती दिली, असं होतं का?

अजिबात नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात सांगितलं की समोरच्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो डॉक्टरांनी सांगायला हवा. "समोरच्या रुग्णाच्या जागी" यातच सगळं आलं. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका गायिकेला वेगळा, हिशेब लिहिणाऱ्याला वेगळा. आधी चित्रित केलेल्या व्हिडिओला समोर कोण बसलंय ते कळत नाही.

धोक्याचे आकडेही हेडसेटमध्ये नीट पोचत नाहीत. "शंभरात दोन जणांना" हे कागदावर शंभर ठिपके काढून त्यातले दोन रंगवले की चांगलं कळतं. पर्याय कोणते, काहीच केलं नाही तर काय होईल, हे समोरासमोरच्या बोलण्यात यायला हवं. सही त्यानंतर.

उपवास आणि औषधांच्या सूचना हेडसेटमध्ये असतात का?

असल्या तरी त्यावर विसंबू नका, कागद मागून घ्या. घन अन्न साधारण ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत, हा सर्वसाधारण नियम. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच पाळायची. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे माणसागणिक बदलतं आणि चुकलं तर ऑपरेशन रद्द होऊ शकतं. तो कागद घरी डोळ्यांसमोर लावून ठेवा.

दुसऱ्याने लावलेला हेडसेट स्वच्छ असतो का?

असायला हवा. चेहऱ्याला लागणारा भाग पुसता येईल अशा सिलिकॉनचा असावा किंवा त्यावर एकदाच वापरायचं कव्हर असावं. तुमच्यासमोर पुसायला सांगायला लाजू नका. भिंगांना मात्र स्पिरिट लावत नाहीत, ती खराब होतात. म्हणून ती कोरड्या मऊ कापडाने पुसली तर निष्काळजीपणा समजू नका.

माझी माहिती कुठे जाते?

काही हेडसेट डोळ्यांची हालचाल टिपतात, काहींना चालायला ऑनलाइन खातं लागतं. स्कॅनवरून मॉडेल करायचं असेल तर ते बाहेरच्या कंपनीकडे जाऊ शकतं. विचारा: माझं नाव काढून स्कॅन पाठवता का, तो नंतर पुसला जातो का, आणि हेडसेट इंटरनेटशिवाय चालतो का. साध्या सफरीच्या व्हिडिओसाठी तुमचं नावसुद्धा लागण्याचं कारण नाही.

घरी फोनवर बघता येईल का?

३६० अंशांचा व्हिडिओ फोन फिरवूनही बघता येतो. रुग्णालयाने दिलेली लिंक असेल तर तीच बघा, घरच्यांसोबत. स्वतः शोधायला गेलात की दुसऱ्याच देशातलं, दुसऱ्याच पद्धतीचं ऑपरेशन समोर येतं आणि मग रात्रभर झोप नाही.

आम्हाला आमच्या रुग्णालयात हे सुरू करायचं आहे. व्हिडिओ कसा करावा?

कॅमेरा रुग्णाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा: ऑपरेशन टेबलावर असाल तेव्हा उशीवर, रिकव्हरीत खाटेच्या डोक्याशी. उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतलेलं चित्रण रुग्णाच्या काही कामाचं नाही, त्याला तर छत आणि खाली वाकलेले चेहरे दिसणार आहेत. रिकामं थिएटर चित्रित करू नका, ते विनाकारण भयाण दिसतं. तुमचीच माणसं घ्या, त्यांना भिंगाकडे बघून, मास्क खाली करून एकदा नाव सांगू द्या. त्या दिवशी तोच चेहरा मास्कमागे ओळखता येण्याचं मोल मोठं आहे.

आवाज खरा ठेवा. पार्श्वसंगीत घालण्याचा मोह होतो, टाळा; मॉनिटर, चाकं, मास्कची फुस्स, हीच खरी माहिती आहे. सूचना बोलून द्या, कारण हेडसेटमध्ये खालची ओळ वाचत बसणं त्रासाचं असतं आणि सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. रुग्ण जी भाषा घरी बोलतात त्या भाषेत, नर्स बोलते तसं. वॉर्ड नंबर, वेळा असं बदलणारं काही मुख्य व्हिडिओत नको, नाहीतर सहा महिन्यांत तो शिळा होतो.

दुखण्याबद्दल खरं बोला. "दुखेल, तेव्हा ही घंटी दाबा, आम्ही येऊन हे औषध देऊ" आणि घंटी दाबून नर्स आलेली दाखवा.

आणि हेडसेट काढल्यावर पहिली दहा मिनिटं कोण बसणार आहे, ते यंत्र विकत घेण्याआधी ठरवा. त्या माणसाने "समजलं का?" विचारू नये, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर मुलीला कसं सांगाल, मला सांगून बघा" असं विचारलं की राहिलेली भोकं दिसतात.

उपयोग होतोय की नाही, कसं मोजायचं?

ॲमस्टरडॅमची ऑपरेशनपूर्व भीती आणि माहितीची प्रश्नावली १९९६ पासून वापरात आहे. फक्त सहा प्रश्न: चार भीतीचे, दोन माहितीच्या भुकेचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. आधी आणि नंतर भरून घ्यायला दोन मिनिटं पुरतात. त्याच्यासोबत त्या दिवशी उपवास किंवा औषधं चुकल्याने किती ऑपरेशनं पुढे गेली, किती मुलांना भूल देताना धरून ठेवावं लागलं, हेही लिहून ठेवा.

तुलना मात्र प्रामाणिक करा. हेडसेट पाहिलेल्यांची तुलना काहीच न मिळालेल्यांशी केली तर हेडसेट जिंकणारच. तोच व्हिडिओ, तीच नर्स, तेवढाच वेळ, फक्त एका गटाला हेडसेट आणि दुसऱ्याला साधा टॅबलेट, असं करून बघा. गुण सारखेच आले तर टॅबलेट घ्या आणि उरलेल्या पैशांत त्या नर्सचे तास वाढवा.